सही कोणाची घेता, कधी घेता? : नैतिकता समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सदस्य सचिव आणि सर्व सदस्य,
संस्थात्मक नैतिकता समित्या,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये व संशोधन करणारी रुग्णालये

सप्रेम नमस्कार.

आपण सगळे एकाच प्रकारच्या, माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या टेबलाभोवती बसणारी माणसे आहोत, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. मीही अशाच एका समितीत ‘सामान्य नागरिक’ या खुर्चीवर बसते. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांप्रमाणे समितीत किमान सात जण लागतात. त्यांत एक कायदा जाणणारा, एक स्त्री, एक सामान्य नागरिक हवा आणि निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत. आमच्याकडे स्त्री आणि सामान्य नागरिक या दोन्ही अटी माझ्या एकटीत भागतात असे कोणालातरी वाटले होते. नंतर आणखी एक बाई घेण्यात आली. माझी नोकरी सगळी बँकेत गेली. स्लाइडवर काय दिसते ते मला कळत नाही. माणसे कागदावर सही कशी करतात ते मात्र आयुष्यभर बघत आले आहे.

विषय नमुन्यांचा आहे. रक्त, लघवी, थुंकी, बाळंतपणानंतरची वार, गाठीचा तुकडा, ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव, असे जे जे रुग्णाच्या शरीरातून निघते आणि संशोधनासाठी बाजूला ठेवले जाते ते सगळे. औषधांच्या चाचण्यांबाबत आपण गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी सावध झालो. तिथे नुकसानभरपाईचे कलम आहे, काही चाचण्यांत संमती घेतानाचे व्हिडिओ रेकॉर्डिंग आहे, पैसे लावणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन फायली उलटसुलट करतो. नमुन्यांवरचे संशोधन ‘किरकोळ जोखीम’ या रकान्यात पडते आणि झटपट पुढे सरकते. पाच मिली रक्त जास्त घेतल्याने कोणाला काही होत नाही, हे खरेच आहे. म्हणून आपण संमतीपत्राचा मसुदा तेवढा बघतो. मराठी प्रत आहे का, हिंदी आहे का, साक्षीदाराला जागा आहे का, ‘कधीही माघार घेता येईल’ हे वाक्य आहे का. असले की पुढचा प्रस्ताव. ती सही प्रत्यक्षात कोणत्या घडीला, कोणी आणि कोणाकडून घेतली, हे आपल्या टेबलावर येतच नाही. माझे म्हणणे सगळे एवढ्यापुरतेच आहे.

हे नमुने गोळा कोण करतो? मोठमोठे शास्त्रज्ञ थोडे. बहुतेक वेळा तो एमडी किंवा एमएसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारा डॉक्टर, असतो. त्याला थिसिस लिहावाच लागतो. प्रवेश घेतल्यावर काही महिन्यांतच सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, सादर करायचा, गाइडची सही, आपल्या समितीची मंजुरी, मग विद्यापीठ. त्या हंगामात आपल्या बैठकीच्या अजेंड्यावर पन्नास-पन्नास सिनॉप्सिस येतात. दुपारी दोनला बसायचे, साडेपाचला बाहेरगावच्या सदस्यांची गाडी. एका प्रस्तावाला किती मिनिटे येतात याचा हिशेब आपण सर्वांनी कधीतरी मनात केलेला आहे. तेवढ्या वेळात ‘सॅम्पल साइज’वर एखादा प्रश्न विचारून होतो. संमतीपत्र शेवटच्या पानांवर असते, आणि शेवटची पाने बघेपर्यंत चहा आलेला असतो.

आता दुसऱ्या टोकाला चला. समितीच्या पाहणीसाठी एका रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात संध्याकाळी गेले होते. नाव सांगत नाही, कारण कोणत्याही मोठ्या रुग्णालयात हेच दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ऑपरेशनच्या लिस्टवर पन्नाशीची एक बाई होती. स्तनात गाठ. हाताला इंट्राकॅथ लावून झालेला. ‘दागिने, बांगड्या सगळे काढून ठेवा’ असे सिस्टर सांगून गेल्या होत्या, म्हणून ती खाटेवर बसून मनगटाला साबण लावून बांगड्या काढत होती. एक काही केल्या निघत नव्हती. रेसिडेंट फाइल घेऊन आला आणि म्हणाला, ‘नातेवाईक कोण?’ मुलगा उठला. ऑपरेशनची संमती, भुलीची, रक्त चढवण्याची, हाय-रिस्कची, एचआयव्ही तपासणीची. या सगळ्यांच्या खाली चार पानी आणखी एक जुडगा होता. ‘हे पण. इथे, इथे आणि मागे.’ मुलाने विचारले, ‘हे कशाचं?’ ‘स्टडीचं आहे. तुकडा तपासायला जाणार ना, त्याचं.’ मुलाने सही केली आणि पेन परत देताना विचारले, ‘उद्या नंबर कितवा आहे, डॉक्टर?’

बाईला कोणी काही विचारले नाही. ती हाताच्या अंतरावर बसलेली होती.

त्या डॉक्टर मुलाला दोष द्यायला मी हे सांगत नाही. तो आदल्या दिवशी सकाळपासून ड्युटीवर होता आणि त्याच्याही डोळ्यांत झोप होती. तो खोटेही बोलला नाही; तुकडा तपासायला जाणारच होता. फक्त तपासण्या दोन होत्या. एक तिच्यासाठी, पॅथॉलॉजीत, कॅन्सर आहे की नाही ते सांगणारी. दुसरी त्याच्या थिसिससाठी, जिचा रिपोर्ट तिला कधी मिळणार नव्हता. एका वाक्यात दोन्ही मिसळल्या की बाईच्या मुलाने नाही म्हणायचे तरी कसे? बँकेत पीककर्ज वाटपाच्या दिवशी असेच व्हायचे. पैसे आज हातात पडणार असतात, म्हणून माणूस पुढे सरकवलेल्या प्रत्येक कागदावर सही करतो. आणि जामीनदार तर काय लिहिले आहे ते विचारतही नाही. त्या मुलाला वाटले असणार, नाही म्हटले तर उद्याचा नंबर जाईल. असे कोणी त्याला सांगितले नव्हते. सांगायची गरजही नव्हती.

‘नातेवाईक कोण?’ हा आपल्या रुग्णालयांतला सगळ्यांत सवयीचा प्रश्न आहे. कायद्याने तो बऱ्याचदा चुकीचा असतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिला. आपल्या समित्यांतल्या वकील सदस्यांना तो पाठ असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. रुग्ण स्त्री निदानासाठी लॅपरोस्कोपीला आली होती. तिला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय, बीजाशय काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान आहे, तिची बुद्धी शाबूत आहे, जीव वाचवण्याची घाई नव्हती. मग आईच्या संमतीला किंमत नाही, रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आणि निदानाला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे. निदानाची संमती त्याच रुग्णाच्या भल्यासाठी केलेल्या उपचाराला पुरत नसेल, तर दुसऱ्याच कोणाच्या संशोधनाला ती कशी पुरेल? तरीही आपल्याकडे येणाऱ्या संमतीपत्रांवर ‘रुग्ण / नातेवाईक’ अशी तिरकी रेघ मारलेली असते आणि आपण ती मंजूर करतो. ती रेघ कोणी घातली, ते कोणाला माहीत नाही. मागच्या थिसिसवरून पुढच्या थिसिसवर ती उतरत आलेली आहे. बायकांच्या बाबतीत तर सही नवऱ्याची किंवा मुलाची, हे गृहीतच धरलेले असते. बाई स्वतः बचत गटाची अध्यक्ष असली आणि तिथे चेकवर सह्या करत असली तरी.

‘उरलेल्या तुकड्याचं एवढं काय? नाहीतर तो कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जाणार होता.’ हे वाक्य मी बैठकीत बऱ्याचदा ऐकले आहे. वरवर बिनतोड आहे. जॉन मूर नावाच्या माणसाच्या डॉक्टरांनाही तसेच वाटत असावे. मूरला दुर्मीळ प्रकारचा रक्ताचा कॅन्सर होता आणि १९७६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात त्याची प्लीहा काढली. तो बरा झाला. पुढे सात वर्षे तो सिअ‍ॅटलहून तिथे जात राहिला; रक्त द्यायचा, इतर नमुने द्यायचा, त्याला वाटे फेरतपासणी चालू आहे. १९८३ मध्ये त्याच्यापुढे एक नवा फॉर्म आला, त्याच्या पेशींपासून जे काही निघेल त्यावरचे हक्क विद्यापीठाला देण्याचा. एकदा त्याने ‘देतो’वर खूण केली, पुढच्या खेपेला ‘देत नाही’वर केली. तेव्हा डॉक्टरांकडून फोन सुरू झाले की खूण चुकली आहे, दुरुस्त करून पाठवा. मूर वकिलाकडे गेला. त्याच्या पेशींपासून कायम वाढत राहणारी पेशीमालिका तयार झाली होती आणि पेटंटचा अर्जही झाला होता. १९८४ मध्ये ते पेटंट मिळाले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये निकाल दिला तो अर्धा-अर्धा होता. शरीरातून निघालेल्या पेशींवर मूरची मालकी नाही, पण डॉक्टरने आपला संशोधनातला आणि पैशातला रस रुग्णाला आधी सांगायला हवा होता.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या बाबतीत मूरच्या न्यायालयापेक्षा पुढचे पाऊल टाकले आहे. नमुना आणि त्यातून निघालेली माहिती सहभागी व्यक्तीची. जैवपेढी, म्हणजे नमुने साठवणारी संस्था, ही नुसती विश्वस्त. सहभागी माणूस नमुना परत मागू शकतो, काढून घेऊ शकतो. व्यापारी फायदा झाला तर त्यात वाटा कसा, हेही आधी सांगायला हवे. वाचायला फार चांगले वाटते. फक्त सर्जरी वॉर्डातल्या त्या बाईला नमुना परत मागायचा झाला, तर तिने कोणत्या खिडकीवर जायचे?

हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. १९५१, बाल्टिमोर, गर्भाशयमुखाचा कॅन्सर, न विचारता घेतलेला तुकडा आणि त्यातून आजतागायत वाढत असलेल्या हेला पेशी. घरच्यांना कळायला वीस-बावीस वर्षे गेली. त्या पेशी विकणाऱ्या एका कंपनीशी कुटुंबाची तडजोड झाली ती २०२३ मध्ये. मात्र एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी संशोधनाच्या विरोधात आहे असे कोणाला वाटेल. ज्या एचपीव्ही विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, त्याचा १८ क्रमांकाचा प्रकार शास्त्रज्ञांना हेला पेशींतही सापडला, आणि त्या वाटेने पुढे लस आली. आज आपल्या मुलींना ती लस मिळते त्यात त्या बाईचा वाटा आहे. आपल्या मुंबईचे नावही रक्तशास्त्रात अशाच एका नमुन्याने झाले. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला; ओ गटासारखे दिसणारे पण ओ गटाचेही रक्त न चालणारे. डॉक्टरांची नावे शोधनिबंधावर आहेत. ज्यांच्या शिरेतून ते रक्त आले त्यांना काय सांगितले गेले, हे नोंदवण्याची त्या काळी रीत नव्हती. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणारा हेलसिंकीचा जाहीरनामादेखील त्यानंतर बारा वर्षांनी, १९६४ मध्ये आला. त्या पिढीला आजचे नियम लावण्यात अर्थ नाही. आपल्याला मात्र ते लागू आहेत.

माझ्या मते आपण सर्वांत जास्त शिकावे ते हवासुपाई लोकांच्या प्रकरणातून. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी ही जेमतेम साडेसहाशे माणसांची जमात. मधुमेहाने हैराण झालेली. १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांच्यातल्या दोनशेहून अधिक जणांचे रक्त घेतले. लोकांनी ते दिले मधुमेहासाठी. त्यांच्याशी बोलणे तेवढेच झाले होते. संमतीपत्रावरचे वाक्य मात्र ऐसपैस होते, वागणुकीच्या आणि वैद्यकीय विकारांची कारणे शोधण्यासाठी. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, जमातीत आपसांत किती लग्ने होतात याचा झाला, हे लोक मुळात आशियातून कसे आले असावेत याचाही झाला. आपण या दरीतच जन्मलो, असे ते लोक मानतात. त्यांच्याच रक्तातून त्यांना परके ठरवणारे निबंध निघाले. हे उघडकीला कसे आले? २००३ मध्ये जमातीच्या एक सदस्य, कार्लेटा टिलौसी, विद्यापीठात एका पीएचडीच्या सादरीकरणाला जाऊन बसल्या. ऐकता ऐकता लक्षात आले की हे आपलेच रक्त आहे. त्यांनी उठून विचारले, यासाठी परवानगी घेतली होती का? त्यानंतर जमातीने विद्यापीठाच्या लोकांना आपल्या भूमीवर यायला बंदी घातली. खटला चालला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेल्या रक्ताच्या नळ्या परत केल्या.

यात कोणाची सही खोटी नव्हती. फॉर्म होता, परवानगी देणारी समिती होती. आपल्यासारख्याच लोकांनी तो मसुदा वाचून ठीक आहे म्हटले असणार.

आता आपला नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतचा सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य. तपासणी व्हायलाच हवी. आजार लवकर कळला तर मूल जगते, दुखण्याचे झटके आटोक्यात राहतात. पण तपासणीसाठी शिबिर लागले की दोन-तीनशे माणसांच्या नळ्या एका दिवसात जमतात, आणि नेमकी ही गोष्ट एखाद्या संशोधकाच्या नजरेत भरते. ‘एवीतेवी रक्त घेतलेच आहे, तर त्यातले थोडे आमच्या जनुकीय अभ्यासाला.’ असा प्रस्ताव आला की आपण दोन प्रश्न विचारायला हवेत. तपासणीला नाही म्हणायची सोय नसलेल्या रांगेत संशोधनाला नाही म्हणता येईल का? आणि रांग आश्रमशाळेतली असेल तर सही कोणाची?

हा दुसरा प्रश्न काल्पनिक नाही. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला. तो नमुन्यांचा नव्हता, लशीचा होता. पण संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले, त्यांत मोठा मुद्दा संमतीचाच होता. आई-वडिलांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनने, मुख्याध्यापकाने सह्या केलेल्या फॉर्मचे गठ्ठे सापडले होते. आयसीएमआरचे नियम सांगतात की मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकार लागतो, बारा वर्षांपुढे तो लेखी लागतो. अधीक्षक हा पालक नव्हे. आई-वडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेले असतील, तर ते परत येईपर्यंत अभ्यास थांबेल, एवढेच. आणि सिकलसेलची वाहक असण्याची गोष्ट गावात फुटली तर मुलीचे आलेले स्थळ परत जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘किरकोळ जोखीम’ लिहिणाऱ्याने ही जोखीम मोजलेली नसते.

‘आम्ही नावे काढून टाकतो, मग संमतीची गरज काय?’ हाही युक्तिवाद आपल्यापुढे येतो आणि नियमांत त्याला आधार आहे. ओळख पुसलेल्या जुन्या नमुन्यांवर काम करायचे असेल, तर समिती संमतीतून सूट देऊ शकते. साध्या तपासण्यांसाठी ते ठीक आहे. जनुकीय तपासणीत नाव काढले म्हणून माणूस दिसेनासा होत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की इंटरनेटवर ठेवलेल्या बिननावी जनुकीय माहितीतून, वंशावळीच्या खुल्या संकेतस्थळांच्या मदतीने, माणसाचे आडनाव शोधता येते. त्याच वर्षी जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी हेला पेशींचा जनुकसंच जाहीर केला. आक्षेप आल्यावर तो मागे घेतला आणि पुढे तो कोणी वापरायचा हे ठरवणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबातल्या दोघांना घ्यावे लागले. आपल्याकडे तर एक तालुका, एक पोटजात आणि एक दुर्मीळ आजार एवढे लिहिले की गावातला शेंबडा पोरही घर दाखवील. थिसिसच्या तक्त्यात या तिन्ही गोष्टी असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे बघावे, तर तोही संशोधनाला ठरावीक अटींवर सूट देतो. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. निर्णय आपल्याच समितीने करायचा आहे.

आणि नमुना आता जिल्ह्यात राहत नाही. जीनोम इंडिया प्रकल्पातले दहा हजार भारतीयांचे जनुकसंच फरिदाबादच्या केंद्रात आहेत आणि जानेवारी २०२५ पासून संशोधकांना खुले झाले आहेत. ते काम देशासाठी मोलाचे आहे. पण पुढच्या पाच वर्षांत अशी अनेक भांडारे होणार आणि त्यांना माल पुरवणारी गावे आपली असणार.

एवढ्या मोठ्या गोष्टींच्या मानाने शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण मला तोच जास्त टोचतो. थिसिस संपल्यावर नळ्यांचे काय होते? एका विभागातला फ्रीझर उघडून बघण्याचा योग आला होता. बर्फाच्या थराखाली प्लास्टिकचे डबे, डब्यांत नळ्या, काहींवर मार्करने लिहिलेले आकडे, काहींवर शाई पुसून नुसती निळी छटा. ज्या रेसिडेंटचे ते होते तो पास होऊन गेला. गाइडची बदली झाली. नोंदवही कोणाकडे आहे, ते टेक्निशियनला ठाऊक नव्हते. त्याने मला विचारले, ‘मॅडम, टाकून द्यायचे का? नव्या सरांना जागा पाहिजे आहे.’ आपण मंजूर केलेल्या प्रत्येक संमतीपत्रात ‘नमुने सुरक्षित ठेवले जातील’ असे वाक्य असते.

माघार घेण्याचा हक्कही तसाच. संमतीपत्रावर संपर्क क्रमांक असतो तो रेसिडेंटचा मोबाइल. तीन वर्षांनी तो डॉक्टर दुसऱ्या राज्यात असतो. आमच्या समितीच्या कार्यालयाचा लँडलाइन नंबर खाली असतो. मी तो एकदा दुपारी बाहेरून लावून बघितला. वाजत राहिला.

‘प्रत्येकाला एवढे समजावत बसलो तर संशोधन बंद पडेल’ असे मला सांगू नका. ज्या वॉर्डांत डॉक्टर स्टूल ओढून बसले आणि ‘मावशी, हा तुकडा तुमच्या इलाजासाठी लागणार नाही, उरणार आहे, आम्हाला शिकायला ठेवू का? नाही म्हणालात तरी तुमच्या ऑपरेशनला काही फरक पडणार नाही’ असे सरळ बोलले, तिथे बायांनी नाही म्हटलेले मी फारसे पाहिले नाही. उलट एकीने विचारले होते, ‘माझ्या लेकीला हे होईल का, ते त्यात कळेल का?’ हा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये बीआरसीए जनुकातला दोष लेकीकडे, बहिणीकडे जाऊ शकतो. अभ्यासात तो सापडला तर त्या बाईला कळवायचे की नाही, याबद्दल त्या संमतीपत्रात एक ओळ नव्हती. डॉक्टर गप्प झाले. मग म्हणाले, ‘विचारून सांगतो.’

तेव्हा माझी मागणी अशी की संशोधनाची संमती ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळच्या फाइलमधून बाहेर काढा. ती ओपीडीत, बायोप्सीच्या तारखेला घेता येते. किंवा उरलेल्या तुकड्यापुरतीच असेल तर ऑपरेशननंतर, टाके काढायला येतील तेव्हाही घेता येते. पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, कुठे पळून जात नाही. ताज्या तुकड्याचीच गरज असेल तर तसे प्रस्तावात लिहा, आम्ही वेगळा विचार करू. सही इलाज करणाऱ्या डॉक्टरने घेऊ नये. बहुतेक रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना हे काम द्या. रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर सही किंवा अंगठा रुग्णाचाच, आणि ‘नातेवाईक’ हा शब्द त्या जागेवरून खोडा. अंगठा असेल तर साक्षीदार विभागातला नको. सही झाल्यावर रुग्णाला एकच विचारा, ‘तुम्ही कशाला हो म्हणालात ते मला सांगा बरं,’ आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत फाइलमध्ये लिहा. नीट सांगता आले नाही तर ती संमती झालेली नाही.

नमुना याच अभ्यासाला, की पुढच्याही, की दुसऱ्या संस्थेला पाठवायलाही, याचे वेगवेगळे रकाने असावेत आणि प्रत्येकापुढे हो-नाही असावे. आयसीएमआरच्या नियमांत टप्प्याटप्प्याची संमती आहेच, आपण ती वापरत नाही. संमतीतून सूट दिली तर कारणासह इतिवृत्तात लिहून ते इतिवृत्त संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. नमुन्यांची एक नोंदवही विभागाची न ठेवता संस्थेची ठेवा, म्हणजे गाइडची बदली झाली तरी नळ्या अनाथ होणार नाहीत. आणि फोन उचलायला माणूस नेमा.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, मंत्रालयाची फाइल लागत नाही. पैसे लागतील ते नोंदवहीला आणि एका माणसाच्या पगाराला. आमच्या समितीच्या येत्या बैठकीत मी हे विषय लेखी मांडते आहे. सिनॉप्सिसच्या हंगामात एका दिवशी वीसपेक्षा जास्त प्रस्ताव घेऊ नयेत, हाही ठराव त्यात आहे. त्याला विरोध होणार हे मला माहीत आहे, कारण मग बैठका वाढतील आणि बाहेरगावच्या सदस्यांचा प्रवासभत्ताही. आपल्या समितीत यातले काही आधीपासून होत असेल तर त्याच्या प्रती पाठवा. होत नसेल तर पुढच्या बैठकीआधी सदस्यांपैकी दोघांनी, त्यांत एक बाहेरचा, न सांगता संध्याकाळी सहानंतर आपल्या सर्जरी वॉर्डात जाऊन तासभर उभे राहावे आणि काय दिसले ते इतिवृत्तात नोंदवावे, ही विनंती.

कळावे,
आपली,
एका नैतिकता समितीची सामान्य नागरिक सदस्य